हॅटशेपसुतला कैकेयी ठरवू नका

"सावत्र आईने पोराची गादी लाटली, वीस वर्षं त्याला कोपऱ्यात बसवलं, आणि ती मरताच त्याने सूड म्हणून तिचं नाव दगडादगडावरून खरवडून काढलं." प्राचीन इजिप्तमध्ये स्वतः राजा झालेल्या हॅटशेपसुत या राणीबद्दलचा हा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतो आहे. मला तो वाचवत नाही.

गादी लाटली? नवरा, म्हणजे दुसरा थुतमोस, गेला तेव्हा दुसऱ्या बायकोपासून झालेला त्याचा मुलगा, म्हणजे पुढचा तिसरा थुतमोस, लहान होता. हॅटशेपसुतने आधी त्याच्या नावाने कारभार पाहिला, आणि त्याच्या राज्याच्या सातव्या वर्षापर्यंत स्वतः राजपद घेतलं. हे खरंच आहे. पण तिने त्याला पदावरून काढलं नाही. राज्यवर्षं त्याच्याच गादीवर बसण्यापासून मोजली जात राहिली. कर्नाक या मोठ्या मंदिरसंकुलातल्या लाल दगडाच्या देवळात दोघं राजवेशात सोबत कोरलेले आहेत. वारस नकोसा असता तर त्या लहान पोराला वाचवणारं दरबारात कोण होतं?

कोपऱ्यात बसवलं म्हणावं, तर ती गेल्यावर थोड्याच काळात हाच तिसरा थुतमोस फौज घेऊन आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दो शहरावर चालून गेला आणि जिंकला. आयुष्यभर दाबून ठेवलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही.

आता "मरताच सूड". इथे ही गोष्ट साफ कोसळते. खोडाखोड झाली ती तिच्या मृत्यूनंतर सुमारे २० वर्षांनी, थुतमोसच्या उतारवयात. इतका राग कोणी इतकी वर्षं पोटात ठेवून कामाला लागतं का? शिवाय छिन्नी चालली ती 'राजा' म्हणून कोरलेल्या हॅटशेपसुतवर. राणी म्हणून असलेल्या आकृत्या बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्या. पुढे थुतमोसच्या मुलाला, दुसऱ्या अमेनहोतेपला, गादी बिनतक्रार मिळावी हा हेतू अनेक अभ्यासकांना जास्त पटतो, आणि मलाही.

तिच्या फोडलेल्या पुतळ्यांचे फोटो तर हमखास पुरावा म्हणून येतात. टोरांटो विद्यापीठातल्या एका संशोधकाने १९२० च्या दशकातल्या उत्खननाच्या नोंदी पुन्हा तपासून २०२५ मध्ये दाखवलं, की यातले बरेच पुतळे मान, कंबर आणि गुडघे या ठरावीक जागी तोडलेले आहेत. इतर फॅरोंचे, म्हणजे इजिप्तच्या राजांचे, पुतळेही असेच 'निष्क्रिय' केले जात, म्हणजे त्यांच्यातली शक्ती काढून घेण्यासाठी मोडले जात. कित्येकांचे चेहरे शाबूत आहेत. सूड घेणारा पहिला घाव तोंडावर घालतो.

तिला शांतिदूत ठरवणारेही चुकतात, हेही सांगायला हवं. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबिया प्रदेशावरच्या तिच्या लष्करी मोहिमांचे उल्लेख सापडतात.

देर अल-बहरी इथल्या तिच्या मंदिराच्या भिंतीवर छिन्नीने खोदून काढलेली तिची आकृती दगडातल्या खड्ड्याच्या रूपात अजून ओळखू येते. शेजारच्या कोरीव मजकुराच्या ओळींत कुठेकुठे तिच्याबद्दलचे स्त्रीलिंगी प्रत्यय राहून गेले आहेत. आणि कर्नाकमध्ये आजही उभ्या असलेल्या तिच्या ओबेलिस्कच्या, म्हणजे उंच निमुळत्या दगडी स्तंभाच्या, पायथ्याशी तिने कोरवून घेतलं आहे, की माझी कामं पाहून पुढच्या काळातले लोक काय बोलतील, या विचाराने माझं मन इकडून तिकडे फिरतं.