उसन्या सामानावर तपासणी पास करा!

नवीकोरी पॉवरबोट घेतलीत, अभिनंदन! इंजिन दणदणीत आहे, स्पीकर त्याहून दणदणीत. आता कुणीतरी किरकिऱ्या माणसाने हातात यादी ठेवली असेल: लाइफ जॅकेट, अग्निशामक, संकटात इशाऱ्यासाठी पेटवायचे फ्लेअर, हॉर्न, दिवे. घाबरून जाऊ नका. ही यादी आपल्यासाठी नसतेच, ती तपासनिसासाठी असते. त्याला या वस्तू एकदा दाखवायच्या, कागदावर शिक्का घ्यायचा, की आपण मोकळे.

दाखवायच्याच आहेत, तर विकत कशाला घ्यायच्या? शेजारची बोट असते ना! परवा तपासणीच्या सकाळी आमच्या धक्क्यावरचे एक सद्गृहस्थ आले आणि काडेपेटी मागावी तितक्या सहज माझा अग्निशामक मागून घेऊन गेले. जाता जाता जॅकेटं आणि फ्लेअरचा डबाही उचलला. ‘अर्ध्या तासात आणून देतो.’ दुपारी मी निघायला आलो, तर माझे कप्पे रिकामे आणि साहेब पाहुण्यांना घेऊन पाण्यात. फोन उचलला नाही, हे वेगळं सांगायला नकोच. सामान आलं दुसऱ्या दिवशी. वर मला म्हणतात कसे, ‘काळजी करू नका, एकही जॅकेट वापरलं नाही हो!’

तेच तर म्हणतोय मी.

तेव्हा पुढचा सल्ला ऐका. जॅकेटं कंपनीच्या प्लॅस्टिकमधून बाहेर काढायची नाहीत, मळतात. सीटखालच्या कप्प्यात तळाशी घालायची, त्यावर नांगर, नांगरावर दोरखंड, त्यावर पाहुण्यांच्या पिशव्या. ‘वेळ आली की घालूच’ हे वाक्य मात्र पाठ असू द्या. वेळ येते ती कप्पा उघडायला सवड देऊन येते, असं आपण धरून चाललेलो आहोत. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो, दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात, आणि धक्क्यावर कोरड्या हातांनी जे बक्कल लागत नाही, ते आपण लाटांत पटकन लावणार आहात! आपोआप फुगणारं महागडं जॅकेट असेल तर मग विचारूच नका. आतला छोटा सिलिंडर काढून बघायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर त्याच्या तोंडाशी सुईएवढं भोक दिसायचं, म्हणजे गॅस केव्हाच उडून गेलेला. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीत करमणुकीच्या बोटींवरच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी, जॅकेटची माहिती होती त्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या अंगात ते नव्हतं. पण फोटोत काय सुंदर दिसले असतील सगळे!

फ्लेअरवरची मुदतीची तारीख वाचू नये, उगाच मन खट्टू होतं.

हॉर्नची गरज नाही, स्पीकर आहे.

व्हीएचएफवरचा, म्हणजे बोटीतल्या रेडिओवरचा, चॅनल १६ संकटाच्या हाकेसाठी मोकळा ठेवतात म्हणे. मग गप्पांना त्याहून निवांत जागा कुठली?

अग्निशामक नेमका इंजिनाच्या डोक्यावर टांगा, म्हणजे आग लागली की आगीतूनच हात घालून काढता येईल. दाबाचा काटा लाल पट्ट्यात आणि पिन गंजून धरलेली असली तरी नळकांडं तांबडंलाल हवं, तपासनीस लांबूनच बघतात. तेही बिचारे काय करणार? धक्क्यावर उभे राहून विचारतात, ‘सगळं आहे ना?’ आपण म्हणायचं, ‘आहे.’ लगेच यादीवर खुणा पडतात.

बोटीच्या पोटात इंजिन असेल तर पेट्रोल भरल्यावर ब्लोअर, म्हणजे आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवा, असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. चार मिनिटं! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. बघू दे. आपल्याला सूर्यास्त गाठायचाय.

किल स्विचची लाल दोरी मनगटाला बांधू नका. चालवणारा पाण्यात पडला की ती इंजिन बंद करते, सगळी मजाच संपते. ती सुकाणूच्या चाकाला गुंडाळून ठेवली, तर रिकामी बोट गोल गोल फिरत, खालच्या इंजिनाच्या पंख्यासकट पडलेल्या माणसावरच परत येऊ शकते. मग पोहत जाऊन तिला धरायचे कष्टही वाचतात.

आणि लहान मुलांना पुढे नाळेवर बसवा, पाय बाहेर सोडून. वारा लागतो, खिदळतात. आमचे ते उसनवारीवाले साहेब परतताना तसेच आले, पाच-सहा वर्षांचं पोर नाळेवर, अंगात बनियन.

अहो, लाज वाटत नाही? पुढून पडलेलं मूल सरळ बोटीखाली जातं, पंख्यात जातं. तुम्ही मागे चाकावर हात ठेवून ‘थांब, थांब’ म्हणेपर्यंत बोट त्याच्यावरून गेलेली असते. माझी मोठ्यांची जॅकेटं तुमच्या बोटीत होती, पण ती त्याच्या काय कामाची? पाण्यात पडल्यावर तो खालून निसटला असता आणि जॅकेट वर तरंगत राहिलं असतं. तपासनिसाला फसवून कुणावर सूड उगवताय? तो घरी जातो, बोटीत पोर असतं तुमचं! इंजिनाला एवढे पैसे मोजलेत आणि पोराच्या जॅकेटपाशी हात आखडला? आधी त्याला नाळेवरून खाली घ्या. त्याच्या वजनाचं जॅकेट आणा, दोन पायांमधला पट्टा आवळा, मानेमागच्या पट्ट्याला धरून उचलून बघा निसटतंय का. तोवर किल्ली लावायची नाही.