उंची संगणकामुळे आली, हे पटलं नाही

'संगणकीय दृश्यं आली आणि विज्ञानपटांना खरी उंची मिळाली' हे विज्ञानपटांवरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' हा सिनेमा १९६८चा, माणूस चंद्रावर उतरण्याच्या आदल्या वर्षीचा. यानातल्या फिरत्या दालनासाठी त्यांनी सुमारे १२ मीटर व्यासाचं अख्खं चाक बांधलं होतं. नट चाकाच्या तळाशीच धावत राहतो, फिरतं ते चाक. आपल्याला मात्र तो भिंतीवरून वर चढताना दिसतो. आणि ती निर्वात शांतता! माझ्या मुलीने मध्येच विचारलं, "बाबा, आवाज गेला का?" अंतराळात आवाज पोहोचत नाही, हे तिला पुस्तकापेक्षा त्या प्रसंगाने पक्कं कळलं.

पैशाचंही तेच, उंची त्यानेही येत नाही. शेन कॅरथ या गणित शिकलेल्या दिग्दर्शकाने २००४ साली 'प्रायमर' हा विज्ञानपट फक्त ७ हजार डॉलरमध्ये केला. गॅरेजमध्ये खटपट करणारे दोन इंजिनीअर, एक यंत्र आणि कालप्रवासाचे काटेकोर नियम. तो नीट समजायला मला पुन्हा पाहावा लागला. या प्रकारातले सिनेमे घसरतात ते दृश्यं कमी पडल्याने नव्हे. सुरुवातीला सुंदर प्रश्न मांडायचा आणि शेवटच्या अर्ध्या तासात तो सोडून नुसती हाणामारी दाखवायची, हे मला फार खुपतं. लेखात याबद्दल एक ओळही नाही.