काच पातळ का केली नाही?

सप्रेम नमस्कार.

कणशोधकांतील आरशांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण फोंड्याहून आक्षेप नोंदवला आहे, की जो आरसा एकदा बसवल्यावर हलवायचाच नाही तो हलका असण्याचे मी उगाच कौतुक केले, आणि वजन कमी करायचेच होते तर महाग कार्बन फायबरऐवजी काच पातळ करता आली असती.

पहिल्या भागात चूक माझी आहे, कारण ‘हलका’ म्हणजे काय हे मी उलगडून सांगितले नाही. प्रश्न आरसा पेलण्याचा नाही, त्याच्या आरपार जाणाऱ्या कणांचा आहे. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाच्या रिच-१ शोधकात, वायूतील प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या कणांमुळे निघणारा चेरेनकोव्ह प्रकाश (त्याच्या कड्यावरून कण ओळखतात) परतवणारे गोलीय आरसे कणांच्या वाटेतच उभे असतात. ज्या अंतरात वेगवान इलेक्ट्रॉनची ऊर्जा सरासरी ३७ टक्के उरते, ती प्रारण-लांबी. बोरोसिलिकेट काचेत ती पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे ६ मिलिमीटर काचेतच तिचा ४.७ टक्के भाग खर्ची पडतो आणि शंभरातले तीन-चार गॅमा फोटॉन (उच्च ऊर्जेचे प्रकाशकण) तिथेच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीत रूपांतरित होतात. कार्बन फायबरने प्रारण-लांबीचा हा भाग दीड टक्क्यावर आणला.

आपल्या सूचनेप्रमाणे २ मिलिमीटर काच घेतली, तर द्रव्य जवळपास तेवढेच भरेल, हे मान्य. परंतु ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी एकतृतीयांश केली की ताठपणा सत्ताविसाव्या हिश्श्यावर येतो, आणि सुमारे ८० सेंटिमीटरचा आरसा स्वतःच्याच भाराने वाकून प्रकाशाचे कडे विस्कटते. कार्बन फायबरच्या आरशात दोन पातळ थरांमध्ये त्याच पदार्थाच्या पोकळ नळ्यांची जाळी बसवल्यामुळे द्रव्य फारसे न वाढवता जाडी मिळते. त्याच प्रयोगात पुढे असलेल्या रिच-२ शोधकात मात्र ६ मिलिमीटर काचच आहे, कारण तिथवर कणांचा मार्ग मोजून झालेला असतो.

कार्बन फायबर निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. मांडवीकाठी बेतीला उपडी ठेवलेली फायबरची होडी तिरप्या उन्हात पाहिली, तर रंगाखालून कापडाची वीण उमटलेली दिसते. तिथे तंतू काचेचे असले तरी कारण तेच: तंतूंना बांधणारी राळ घट्ट होताना आकसते आणि धागे वर येतात. आरशावर अशी वीण उमटली की प्रकाश विखुरतो. शिवाय राळ ओलावा शोषते, त्यामुळे आपल्याकडच्या आषाढाच्या हवेत असा आरसा उघडा ठेवण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. तरीही तो रिच-१ ला चालला, कारण तिथल्या मूळ प्रकाशसंवेदकाचा एकेक घटकच अडीच मिलिमीटरचा होता आणि दुर्बिणीइतक्या काटेकोर पृष्ठभागाची गरजच नव्हती.

लेखात ‘हलका’च्या जागी मी आता ‘अल्पद्रव्य’ असा शब्द घातला आहे.