'पाण्याची शाई आहे, पिशवी उलटून भरा' सांगणाऱ्या मेसेजबद्दल

तासगावची माझी आत्या बचत गटाची हळद पावडर आणि बेदाणा पॅक करून विकते. परवा तिचा फोन आला, "अरे, छापील पिशव्या उलटून वापरल्या तर चालतात म्हणे. जुन्या पत्त्याच्या गठ्ठाभर पडल्यात आमच्याकडं. उलटू का?" मग तिनं तो मेसेज पाठवला. त्यानंतर माझ्या गिऱ्हाइकांकडूनही तोच आला. मी कुपवाडला पिशव्या छापायच्या धंद्यात आहे, गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: फ्लेक्सो (रबरासारख्या लवचिक प्लेटच्या ठशानं होणारी छपाई, दर रंगाला वेगळी प्लेट) म्हणजे हलकी छपाई. प्लेटचे पैसे ही लूट, डिजिटलला प्लेटच लागत नाही म्हणून ती कधीही स्वस्त. प्लेट एका ऑर्डरला संपते. आणि फ्लेक्सोची शाई पाण्याची, पोटात गेली तरी काही होत नाही, तेव्हा जुन्या पिशव्या उलटून बिनधास्त भरा.

शेवटचं आधी घेतो, कारण ते कुणाच्या तरी पोटात जाणार आहे.

पाण्याच्या शाईतलं पाणी ड्रायरमध्ये उडून जातं. मागं राहतं ते रंगद्रव्य, ते धरून ठेवणारं रेझिन, घासलं जाऊ नये म्हणून घातलेलं मेण आणि बाकीची रसायनं. पिशवीवर दिसतं ते हेच. शिवाय आत्याच्या पिशव्या प्लॅस्टिकच्या. पाण्याची शाई मुख्यतः कागदावर आणि पुठ्ठ्याच्या बॉक्सवर चालते. प्लॅस्टिकवर आपल्याकडं बहुतेक सॉल्व्हंटची, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात केलेली शाई असते. म्हणजे मेसेजचा आधारच आत्याच्या पिशवीला लागू नाही. त्यात हळदीत स्वतःचं तेल असतं आणि बेदाणा चिकट. असला माल महिनोन् महिने शाईला चिकटून ठेवायचा? सीलिंग मशीनवर त्या पिशवीचं तोंडसुद्धा नीट चिकटणार नाही, कारण सीलच्या जागी शाई आली की जोड कच्चा राहतो.

माझं ऐकू नका, नियम वाचा. एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, पॅकेजिंगचे 2018 चे नियम स्पष्ट आहेत: छापलेली बाजू खाद्यपदार्थाला थेट लागता कामा नये. पॅकिंगवरची शाई आयएस 15495 या मानकाप्रमाणे हवी, आणि त्या मानकाची शाईसुद्धा बाहेरच्या बाजूलाच. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायलाही याच नियमांत बंदी आहे. आम्ही तर बाहेरून छापतानाही शाई पुरती वाळल्याशिवाय रोल गुंडाळू देत नाही, कारण गुंडाळीत छापलेली बाजू पुढच्या थराच्या आतल्या बाजूला टेकते आणि ओली शाई तिथं उतरते. इतकी काळजी घेऊन आतली बाजू कोरी ठेवायची आणि कुणीतरी मेसेज टाकून ती उलटायला लावायची!

आता पैशांचं. समजा दोन रंगांच्या प्लेटना 6,000 रुपये लागले. 500 पिशव्या छापल्या तर पिशवीमागे 12 रुपये, म्हणजे परवडत नाहीच. इथं मेसेजवाला अर्धा बरोबर आहे: थोड्या मालाला डिजिटल किंवा स्क्रीन प्रिंटिंगच घ्या. पण तेच 6,000 रुपये 50,000 पिशव्यांवर वाटले की पिशवीमागे 12 पैसे येतात. डिजिटलचा खर्च मात्र नग वाढले तरी फारसा उतरत नाही. साखर कारखान्याची पोती फ्लेक्सोवर छापली जातात ती याच हिशेबानं.

हलकी छपाई म्हणे! शाई मोजून देणारा ॲनिलॉक्स रोल भिंगाखाली पाहा, मधाच्या पोळ्यासारखे बारीक खड्डे दिसतील. ते वाळलेल्या शाईनं बुजले, किंवा प्लेट टेपवर चिकटवताना केसभर सरकली, की छपाई बिघडते. ते काम करणाऱ्या कारागिराचा दोष, पद्धतीचा नाही. फोटोतल्या फिक्या छटा फ्लेक्सोवर सांभाळायला अवघड जातात, तेवढं मान्य. पण आत्याच्या पिशवीवर नाव, वजन आणि हळकुंडाचं चित्र आहे.

प्लेट एका ऑर्डरला संपत नाही. धुऊन, उन्हापासून लांब, सपाट ठेवली तर तीच प्लेट लाखो नगांना चालते. पत्ता बदलला तर बहुतेक वेळा ज्या रंगात पत्ता आहे तेवढीच प्लेट नवी करावी लागते. कुणी दर वेळी सगळ्या प्लेटचे पैसे मागत असेल तर जुन्या प्लेट दाखवा म्हणा, आणि प्लेट गिऱ्हाइकाच्या मालकीच्या आहेत हे पहिल्याच बिलावर लिहून घ्या. आत्याला तेच सांगितलंय. तो गठ्ठा रद्दीत जाईल.