पेरॉक्साइड ओतलं की माती स्वच्छ होते?

‘दूषित जमिनीत हायड्रोजन पेरॉक्साइड ओता, सगळं विष जळून जातं, मागे फक्त पाणी आणि ऑक्सिजन उरतो, आठवडाभरात माती कायमची स्वच्छ’ असा दावा सध्या बराच फिरतो आहे. रासायनिक ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिडकारक रसायनं जमिनीत सोडून प्रदूषक फोडणं, ही पद्धत खरी आहे आणि जिथे जमते तिथे उत्तम काम करते. हा दावा मात्र एकेका शब्दागणिक चुकतो.

‘सगळं विष जळतं.’ शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं. ती नष्ट होत नाहीत. उलट मातीत घट्ट बसलेलं तीन-संयुजी क्रोमियम ऑक्सिडेशनने सहा-संयुजी होऊ शकतं, म्हणजे कितीतरी जास्त विषारी आणि पाण्याबरोबर सहज वाहणारं. सेंद्रिय प्रदूषकांनाही सरसकट एकच औषध चालत नाही. परमँगनेट हे दुसरं, जांभळं ऑक्सिडकारक रसायन ट्रायक्लोरोइथिलीन हे कारखान्यांतलं द्रावक झपाट्याने फोडतं, पण पेट्रोलमधल्या बेंझीनवर त्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. तिथे लोहासह पेरॉक्साइड, म्हणजे फेंटन अभिक्रिया, किंवा सक्रिय केलेलं पर्सल्फेट हे आणखी एक ऑक्सिडकारक लागतं.

‘प्रदूषक थोडं, म्हणजे रसायनही थोडं.’ दाव्यात हे थेट म्हटलेलं नाही, पण त्यामागे गृहीत धरलेलं असतं, आणि सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एक घनमीटर माती साधारण १,७०० किलोची धरा. किलोमागे १० मिलिग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन असेल तर एकूण १७ ग्रॅम झालं. समीकरणाप्रमाणे एका ग्रॅमला २.४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागतं, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. पण मातीतला कुजलेला पालापाचोळा, लोह, सल्फाइड हेही परमँगनेट खातात. ही भूक किलोमागे फक्त २ ग्रॅम धरली तरी त्याच घनमीटरला ३.४ किलो लागतं, प्रदूषकाच्या गरजेच्या ऐंशीपटींहून जास्त! काळ्या, सेंद्रिय मातीत हा आकडा आणखी वर जातो. म्हणून आधी चाचणी हवी. प्रत्येक थराची ५० ग्रॅम माती वेगवेगळ्या बरण्यांत घ्यायची, त्यावर मोजून परमँगनेटचं द्रावण घालायचं, एका बरणीत मातीविना नुसतं द्रावण ठेवायचं आणि ४८ तासांनी किती उरलं ते मोजायचं. जांभळा रंग तपकिरी झाला की समजायचं, मातीने सगळं संपवलं. मोजण्याआधी द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं, नाहीतर मँगनीज डायऑक्साइडचे कण आकडा फुगवतात.

‘फक्त पाणी आणि ऑक्सिजन.’ एक किलो शुद्ध पेरॉक्साइड फुटलं की सुमारे ३३० लिटर ऑक्सिजन सुटतो, वर भरपूर उष्णता. जमिनीत पेट्रोल असेल तर हा वायू त्याची वाफ ढकलत जवळच्या तळघरात नेऊ शकतो. १० टक्क्यांच्या वरचं द्रावण भूजल उकळवण्याइतकं तापू शकतं. त्यात फेंटनला सामू ३ ते ४ च्या आसपास, म्हणजे आम्लता लागते, आणि चुनखडीची माती आम्ल लगेच मारून टाकते.

‘ओता.’ वरून ओतलेलं पेरॉक्साइड खालपर्यंत पोचण्याआधीच फुटून जातं. छिद्र घेऊन कमी दाबाने, थराथराने सोडावं लागतं. दाब वाढला की द्रावण मातीला भेग पाडून वर येतं आणि ज्या थरासाठी सोडलं तो कोरडाच राहतो.

‘आठवडाभरात कायमची.’ वाळूत रसायन पसरतं. चिकणमातीत फार हळू शिरतं. तिथे अडकलेलं प्रदूषक नंतर महिनोन्‌महिने झिरपत राहतं आणि विहिरीतले आकडे पुन्हा चढतात. दुसरी-तिसरी फेरी बहुधा लागतेच. लगेच घेतलेला नमुना तर फसवाच: उरलेल्या परमँगनेटमुळे पाणी गुलाबी असेल तर बाटलीतही अभिक्रिया चालू असते आणि प्रयोगशाळेत आकडा खोटाच कमी दिसतो. अशा बाटलीत ॲस्कॉर्बिक आम्ल टाकून अभिक्रिया थांबवायची. खरी मोजणी ऑक्सिडकारक पूर्ण संपल्यावर सुरू होते, आणि भूजलाची पातळी चढते-उतरते म्हणून किमान वर्षभर, सगळ्या ऋतूंत चालू ठेवावी लागते.