लॅपटॉपवर रेड: एमडीएडीएम की एलव्हीएम?

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरणे. लिनक्समध्ये ते करून देणाऱ्या साधनांपैकी एमडीएडीएम जलद की एलव्हीएम, हा वाद लिनक्स वापरणाऱ्यांत पुन्हा पुन्हा रंगतो. लॅपटॉपपुरता तरी तो मला निरर्थक वाटतो. एलव्हीएममध्ये रेड प्रकारचा व्हॉल्यूम (साठवणुकीचा आभासी भाग) तयार केला, तरी प्रत्यक्ष काम कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एमडी या रेड सांभाळणाऱ्या भागाचा तोच कोड करतो, ज्याच्यावर एमडीएडीएमने बांधलेला डिस्कांचा अ‍ॅरे चालतो.

मग वेगाचे आकडे वेगळे का येतात? रेड 0 मध्ये (यात डेटा डिस्कांवर वाटला जातो, त्याची प्रत राहत नाही) एमडीएडीएम आपण काही न सांगता 512 किलोबाइटचा चंक (एका डिस्कवर एका वेळी जाणारा तुकडा) घेते आणि एलव्हीएम 64 किलोबाइटचा. म्हणजे तुलना साधनांची न होता चंकच्या आकाराची होते. शिवाय रेड 1 चा (यात प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात) अ‍ॅरे नुकताच तयार केलेला असेल, तर मागे रीसिंक (प्रती जुळवण्याचे काम) चालू असतो आणि तो संपण्यापूर्वी घेतलेल्या मोजमापाला काहीच अर्थ नसतो. एफआयओ हे वेग मोजणारे साधन चालवताना डायरेक्टचा (रॅममधला साठा टाळण्याचा) पर्याय दिला नाही, तर बहुधा डिस्कऐवजी रॅमचाच वेग हाती लागतो (ही चूक मीही केली आहे, आणि त्या आकड्यांवर दोन दिवस खूशही होतो).

बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमची गोष्ट खरोखर वेगळी आहे; तिचे रेड तिच्यातच असते. तिचे रेड 1 कोणती प्रत वाचायची हे पूर्वापार प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) क्रमांकावरून ठरवत आले आहे. त्यामुळे एकाच प्रोसेसने मोठी फाइल वाचली, तर दुसरी डिस्क बहुतेक स्वस्थ बसून राहते. याउलट एमडीमध्ये दोनच डिस्कांवर रेड 10 ची (वाटणी आणि प्रती दोन्ही असणारी) 'फार' (far) मांडणी करता येते, आणि तीत सलग वाचनाचा वेग रेड 0 च्या जवळ जातो, तरीही प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती राहतात. हा पर्याय फारसा कोणी वापरून पाहत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम उत्तम आहे, पण परवान्यामुळे ती मुख्य कर्नेलच्या बाहेर आहे आणि तिची एआरसी (रॅममधला तिचा कॅशे) रॅमचा मोठा वाटा घेते.

मात्र साधन निवडण्याआधी लॅपटॉपची जोडणी पाहावी. दोन्ही एम.2 खाचा (छोट्या एसएसडी बसवायच्या जागा) चिपसेटमागे (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपमागे) असतील आणि तो प्रोसेसरशी चार लेनच्या डीएमआय 3.0 या दुव्याने जोडलेला असेल, तर तिथली मर्यादाच सेकंदाला सुमारे 3.9 गिगाबाइट असते, आणि तेवढ्याच्या जवळपास एक चांगली एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) एकटीच पोहोचते. अशा यंत्रावर रेड 0 केल्याने सलग वाचनात जवळजवळ काहीच पदरात पडत नाही; एक डिस्क गेली की दोन्हींवरचा डेटा जाण्याचा धोका तेवढा वाढतो.

म्हणून मी स्वतः बीटीआरएफएसचे रेड 1 ठेवले आहे. दोन प्रतींत तफावत आढळली, तर खरी कोणती हे त्याला चेकसममुळे (डेटावरून काढून ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यामुळे) कळते. नुसत्या एमडीला ते कळत नाही.