सीलिंग ग्रिड हाताने काढायला सांगणारा मेसेज आणि त्यातली चूक

रेव्हिटवर (इमारतींची मॉडेल आणि ड्रॉइंग बनवायच्या ऑटोडेस्कच्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतो आहे. "मेकॅनिकल फ्लोअर प्लॅनमध्ये सीलिंग ग्रिड दाखवणं रेव्हिटला जमतच नाही," असा त्याचा दावा आहे (मेकॅनिकल फ्लोअर प्लॅन म्हणजे एसीचे डक्ट दाखवणारा मजल्याचा नकाशा, सीलिंग ग्रिड म्हणजे खोट्या छताच्या टाइलची चौकट) आणि त्याखाली पाच मुद्दे आहेत. फ्लोअर प्लॅन खाली बघतो, म्हणून सीलिंग कधीच दिसणार नाही. सीलिंग प्लॅन, म्हणजे छताचा नकाशा, डावा-उजवा उलटा असतो, म्हणून तो फ्लोअर प्लॅनवर बसत नाही. कट प्लेन, म्हणजे प्लॅन ज्या उंचीवर कापून दाखवला जातो ती पातळी, सीलिंगच्या वर नेला की काम होतं. नाहीतर शीटवर दोन व्ह्यू एकावर एक ठेवा. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे डिटेल लाइनने, म्हणजे मॉडेलशी न जोडलेल्या साध्या रेषांनी, ग्रिड सरळ रेखाटून टाका. पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांना छेद देतात, हेही मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आमच्या टीममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने तो शेवटचा सल्ला खरा मानून ग्रिड काढायला घेतला, म्हणून हे उत्तर.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासूनच करतो, कारण खरं नुकसान तिथे आहे.

12 मीटर बाय 9 मीटरची एक खोली घ्या. 600 बाय 600 मिलिमीटरचा ग्रिड असेल तर आतल्या रेषा 19 आणि 14, म्हणजे एकूण 33. त्या काढायला फार वेळ लागत नाही आणि म्हणूनच हा सल्ला लोकांना आवडतो. पण आर्किटेक्टने काही कारणाने ग्रिड 300 मिलिमीटर सरकवला, तर? त्याच्या मॉडेलमध्ये हे काही सेकंदांचं काम आहे. तुम्ही लिंक (तुमच्या फाइलला जोडलेलं त्याचं मॉडेल) रीलोड करता, पण तुमच्या 33 रेषा जागच्या जागी. त्या कुठल्याच सीलिंगशी बांधलेल्या नाहीत. ड्रॉइंगवर डिफ्युझर (छतातून हवा सोडणारी जाळी) अजूनही टाइलच्या बरोबर मध्ये दिसतो आणि प्रत्यक्षात त्याचा मध्य टी-सेक्शनवर (टाइल पेलणाऱ्या पट्टीवर) आलेला असतो. 595 बाय 595 चा डिफ्युझर टाइलच्या जागी बसण्यासाठी बनवलेला असतो, टी कापून बसवण्यासाठी नव्हे. मग साइटवर एकतर टी कापून जास्तीचा आधार द्यावा लागतो, नाहीतर डिफ्युझर सरकवून फ्लेक्सिबल डक्ट ओढूनताणून जोडावा लागतो. फ्लेक्सला वाकण आलं की हवेचा दाब वाया जातो आणि आवाजही वाढतो. ही चूक कुणालाच आधी दिसली नाही, कारण ड्रॉइंगने ती झाकून ठेवली होती.

शिवाय डिटेल लाइन फक्त त्या एकाच व्ह्यूमध्ये असते. सप्लायचा प्लॅन वेगळा, पाइपिंगचा वेगळा, मोठ्या स्केलचा वेगळा असेल, तर प्रत्येकात तीच रेघोटी पुन्हा. सीलिंग प्लॅनची कॅडफाइल काढून आयात करणं हाही तोच प्रकार आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खरा ग्रिड दाखवला म्हणून डिफ्युझर आपोआप सरकत नाहीत. फेस-होस्टेड, म्हणजे सीलिंगच्या पृष्ठभागाला जोडलेला, डिफ्युझर सीलिंगची उंची बदलली तर तिच्यासोबत जातो, पण ग्रिड म्हणजे मटेरियलवरचा सरफेस पॅटर्न, आणि तो सरकला की डिफ्युझर स्वतःहून हलत नाही. फरक एवढाच की खरा ग्रिड असेल तर लिंक रीलोड केल्याबरोबर चूक डोळ्यांसमोर येते.

आता "कधीच दिसणार नाही" या दाव्याकडे. फ्लोअर प्लॅन कट प्लेनपासून खाली बघतो, हे बरोबर. पण प्रत्येक फ्लोअर प्लॅनच्या प्रॉपर्टीजमध्ये अंडरले (व्ह्यूखाली फिका दिसणारा दुसरा थर) नावाचा गट आहे. तिथे बेस लेव्हलला चालू मजला निवडा, टॉप लेव्हलला वरचा मजला ठेवा आणि अंडरले ओरिएंटेशन 'लुक डाउन'वरून 'लुक अप' करा. संपलं. ऑटोडेस्कच्या मदत-पानांवर 'लुक अप'चा अर्थ सरळ दिला आहे: अंडरले सीलिंग प्लॅनसारखा, खालून वर बघितल्याप्रमाणे दिसतो. बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलेली सोय "जमत नाही" म्हणून पसरवायची, याचा राग येतो.

उलटेपणाचा मुद्दाही याच वाक्याने निकालात निघतो. सीलिंग प्लॅन म्हणजे जमिनीवर आरसा ठेवून त्यात दिसणारं छत. त्यामुळे डावं डावीकडेच राहतं आणि ग्रिडलाइन, भिंती, कॉलम फ्लोअर प्लॅनशी तंतोतंत जुळतात. तो उलटा असता तर लुक अप अंडरले मुळात निरर्थक ठरला असता.

कट प्लेनबद्दल अर्धं सत्य नाइलाजाने मान्य करतो. डक्ट दिसायला मेकॅनिकल प्लॅनचा कट प्लेन नेहमीच्या 1200 मिलिमीटरवरून वर न्यावाच लागतो. पण त्याने ग्रिड मिळत नाही. सीलिंग 2700 वर आहे आणि कट प्लेन 2800 वर नेला, तर तुम्ही सीलिंगकडे वरून बघता आणि वरचा थर दिसतो. ग्रिडचा पॅटर्न खालच्या फिनिश थराच्या मटेरियलवर असतो. शिवाय त्या सीलिंगखाली खोलीतलं फर्निचर झाकलं जातं, आणि डक्ट 3000 वर असेल तर कट प्लेनच्या वर राहिल्यामुळे तोही गायब.

शीटवर दोन व्ह्यूपोर्ट एकावर एक ठेवायची युक्ती चालते. दोन्हींचा क्रॉप आणि स्केल एकच ठेवला तर जुळतेही. पण मेकॅनिकल व्ह्यूमध्ये काम करताना ग्रिड दिसत नाही, म्हणजे डिफ्युझर ठेवण्याच्या क्षणी त्याचा उपयोग शून्य. मजले वाढले की सांभाळायचे व्ह्यूही दुप्पट.

अंडरले लावूनही ग्रिड दिसत नसेल, तर बहुतेक वेळा कारण पुढच्यांपैकी एक असतं. टॉप लेव्हलला रेव्हिट आपणहून लगेच वरची लेव्हल घेतो. मध्येच स्टीलसाठी 2600 वर एखादी लेव्हल केलेली असेल तर 2700 वरचं सीलिंग त्या पट्ट्याच्या बाहेर राहतं. तेव्हा टॉप लेव्हल हाताने बदला. व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये रेव्हिट लिंक्सच्या टॅबवर आर्किटेक्टची लिंक 'कस्टम' असेल, तर तिच्या आतल्या यादीत सीलिंग्ज बंद आहे का ते बघा. सीलिंगची फक्त बाहेरची कड दिसते आणि आत ग्रिड नाही, तर सीलिंग्जच्या ओळीत सरफेस पॅटर्नची 'व्हिजिबल' खूण काढलेली असते. ग्रिड दिसतो पण स्केल बदलला की टाइलचं माप बदलतं, तर आर्किटेक्टने मॉडेल पॅटर्नऐवजी (खऱ्या मापाच्या) ड्राफ्टिंग पॅटर्न (कागदावरच्या मापाचा) वापरला आहे. ते त्याच्याच फाइलमध्ये दुरुस्त व्हायला हवं, तुमच्याकडे उपाय नाही. मॉडेल पॅटर्न असेल तर 600 ची टाइल 1:100 ला कागदावर 6 मिलिमीटर आणि 1:50 ला 12 मिलिमीटर भरते. मोजपट्टी लावून तपासा.

लुक अप केल्यावर छतावरच्या इतर गोष्टीही व्ह्यूमध्ये येतात. नको असतील त्या गोष्टी लिंकच्या यादीतून बंद करा, पण लाइट ठेवा. डिफ्युझर आणि लाइट एकाच टाइलवर आलेत का, हे त्याशिवाय कळणार नाही. व्ह्यूचा डिसिप्लिन मेकॅनिकल ठेवा, म्हणजे आर्किटेक्चर हाफटोनमध्ये (फिकट) जातं आणि तुमचे डक्ट वर राहतात. प्रिंटमध्ये ग्रिड फारच फिका आला तर मॅनेज टॅबवर ॲडिशनल सेटिंग्जमध्ये हाफटोन/अंडरले उघडून ब्राइटनेस बदला. हे सेटिंग पूर्ण प्रोजेक्टला लागू होतं, त्यामुळे बदलण्याआधी बाकीच्या टीमला विचारा.